म्हशीला सांगितलेलं

पनवेलला खाडीकडच्या आळीत माझी पिठाची गिरणी आहे. इंजिन सुरू असलं की गिऱ्हाईक ओरडून बोलतं, मी ओरडून उत्तर देतो, आणि तरीही ज्याला जाडं दळण हवं असतं त्याला बारीक मिळतं. मग भांडण. इतकी वर्षं हा धंदा केल्यावर माझं असं मत झालंय की माणसं समोरच्याला कळावं म्हणून बोलत नाहीत, आपलं बोलून झालं असं वाटावं म्हणून बोलतात. माझ्या बायकोला हे मत पटत नाही. तिनं ते अजून पुरतं ऐकूनही घेतलेलं नाही.

पण गिरणीतला गोंधळ परवडला. तिथं निदान इंजिनाला दोष देता येतो. आमच्या भिंतीला भिंत लागून दाजी आगऱ्याचं घर होतं. त्या घरात इंजिन नव्हतं, भांडखोर माणूस नव्हतं, बहिरंही कोणी नव्हतं. तरी तिथं जो घोटाळा झाला तसा माझ्या गिरणीत कधी झाला नाही. ही पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट. दाजीनं ती मला गिरणीत बसून सांगितली, त्याच्या सुनेनं माझ्या बायकोला सांगितली, आणि उरलेली, सुनेकडून दूध घेणाऱ्या खतीजाबीनं सगळ्या बाजाराला सांगितली. सासऱ्या-सुनेनं एकमेकांना मात्र ती कधीच सांगितली नाही.

दाजी पावसाळ्यात खारीत, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भातशेती करायचा आणि उन्हाळ्यात मिठागरावर राबायचा. त्याचा एकुलता एक मुलगा भगवान मुंबईला गोदीत कामाला होता. शनिवारी संध्याकाळी मोटारीनं यायचा, रविवारी संध्याकाळी परत जायचा. भगवानची बायको रंभा ही चिरनेरची. चिरनेरच्या माणसांनी तीस साली जंगलासाठी गोऱ्या सरकारला तोंडावर जाब विचारला होता, आणि रंभाचा बाप धर्मराज त्या जमावात होता, हे तो दर भेटीत सांगायचा. त्याच धर्मराजाची लेक पनवेलला सून म्हणून आली आणि सासऱ्याला ‘पाणी हवं का’ एवढं विचारायची सोय तिला उरली नाही. त्यांच्यात सून सासऱ्याशी बोलत नसे. समोर आला की पदर पुढं ओढायचा, वाटेत भेटला की कडेला पाठमोरं उभं राहायचं, आणि सांगायचं काही असेल तर तिसऱ्याला सांगायचं.

तिसरं माणूस म्हणजे दाजीची बायको गोदू. ती होती तोवर सगळं सुरळीत होतं. अर्थात गोदू नुसते निरोप पोचवत नसे, वाटेत त्यात तिखटमीठ घालत असे. लग्नाला पाच-सहा पावसाळे झाले तरी रंभाची कूस उजवली नव्हती, आणि गोदूला ते सारखं खुपायचं. लेकी बोले सुने लागे म्हणतात. गोदूला लेक नव्हती, म्हणून ती कोंबडीला बोलायची. “खा गो, खा. अंडं घालायचं नाव नाय, पन खायाला पयली,” असं अंगणात उभं राहून आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. कोंबडी दाणे टिपायची. रंभा चुलीपुढं बसून ते स्वतःच्या नावावर मांडून घ्यायची. तिनं त्या घरात शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे, इथं जनावराला म्हणून जे बोललं जातं ते माझ्यासाठी असतं.

मग एका तापात गोदू गेली, आणि घरात आठवडाभर दोनच माणसं उरली. ज्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही अशी दोन.

पहिले काही दिवस त्यांनी मांजरावर भागवलं. पण मांजर अर्ध्या बोलण्यातून उठून जातं. भिंतीशी बोललं तर लोक वेड्यात काढतात. शेवटी काम चांदीवर आलं. चांदी म्हणजे म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून चांदी. धर्मराजानं ती रंभाला लग्नात आंदण दिली होती. गोठा चुलीला लागूनच होता. चांदी दाव्याला बांधलेली असे, तिला कान होते, आणि तिला कुठं जायची घाई नसे.

“चांदे, ताट वाढलंय. निवून जाईल,” असं रंभा गोठ्याकडं तोंड करून म्हणायची, आणि दाजी ओसरीवरून उठून जेवायला यायचा. दोन घास खाऊन तो म्हणायचा, “चांदे, कालवन झकास हाय. पन मीठ कमी.” उभा जन्म मिठागरावर गेलेल्या माणसाला कुठलंच कालवण कधी पुरेसं खारट लागत नाही. रंभा मुकाट्यानं मिठाचं मडकं सरकवायची. असं ते चालायचं आणि चांगलं चालायचं. दाजीला सुनेचं कौतुक होतं. भरल्या घरात जी तोंड उघडत नव्हती तिनं रित्या घरात चूल विझू दिली नाही, असं तो मला गिरणीत सांगायचा. हे त्यानं मला सांगून काय उपयोग, मी विचारायचो. तो म्हणायचा, “तिला कसा सांगू? सून हाय ती.”

खोट एवढीच होती की दाजी जुना शेतकरी होता. तो गोदूच्या आधीपासून, लग्नाच्याही आधीपासून, जनावरांशी जनावर म्हणून बोलत आला होता. बैलाला शिव्या द्यायचा, वासराला लाडीगोडी लावायचा. त्याच्या चांदीशी बोलण्यातलं अर्धं रंभासाठी असायचं आणि अर्धं निव्वळ चांदीसाठी. यातलं कुठलं कोणासाठी हे फक्त त्यालाच ठाऊक, आणि रंभाला ते ठाऊक नाही हे त्याला ठाऊक नव्हतं.

चांदी आटली. आधी शेरभर कमी झालं, मग लोटाभर राहिलं, मग तेही नाही. गाभण राहायचंही लक्षण नव्हतं. आमच्याकडं आंदणाच्या जनावराची एक रीत होती. ते बाजारात उभं करायचं नाही, त्यानं देणाऱ्याची अब्रू जाते. ते भाकड झालं तर देणाऱ्याच्या दारात नेऊन बांधायचं, आणि त्यानं त्याच्या बदली दुसरं द्यायचं. धर्मराजाकडं चांगला रेडा होता आणि डोंगराचा चाराही होता. तेव्हा चांदीला चिरनेरला पोचवावी हे दाजीच्या मनात आलं, यात वावगं काही नव्हतं.

एका सकाळी तो गोठ्यात उकिडवा बसून चांदीची कास चाचपत होता. रंभा आत भाकऱ्या थापत होती. दाजी चांदीच्या पाठीवर हात ठेवून बोलायला लागला, आपलं माणूस समजून, अगदी मनापासून.

“आता काय उपेग नाय गो तुजा. कवापासून बघतो, तुज्या पोटाला काय नाय. खातंस नि बसतंस. मीबी कवर वाट बघू? बापाच्या घरी पोचवून येतो तुला. तकडं डोंगराचं पानी हाय, तुला मानवंल. भगवानला सांगतो, आता दुसरी आनूया.”

चांदीनं शेपटी हलवली. आत तव्यावरची भाकरी करपली.

मन चिंती ते वैरी न चिंती. गोदू गेली तेव्हा रंभाला वाटलं होतं की आता हे बोलणं कधीतरी दाजीच्या तोंडून येणार. गोदू चिडून बोलायची, तिचं बोलणं वाऱ्यावर जायचं. पण दाजी कधी वावगं बोलला नव्हता. असा माणूस शांतपणे, हात फिरवत, ‘बापाच्या घरी पोचवतो, दुसरी आणतो’ म्हणाला, म्हणजे त्यानं ते ठरवलंच असणार. दुसरी करू नये असा कायदा झाला होता म्हणे, पण आमच्या आळीत कायद्याला विचारून कोणी लग्न करत नव्हतं. आळीतल्याच एका बाईला असं पोचवलं होतं, आणि पुढं ती माहेरच्या ओसरीवर चिंध्या शिवत म्हातारी झाली, हे रंभानं पाहिलेलं होतं. आंदणाची रीत तिला ठाऊक नव्हती असं नाही. पण त्या क्षणी तिला म्हैस दिसलीच नाही.

दूध बंद झाल्याचं सांगायला ती खतीजाबीकडं गेली. खतीजाबी म्हणजे बाजारात कापडाचं दुकान असलेल्या वहाबशेटची बायको. रंभाचं गेल्या कित्येक वर्षांचं रतीबाचं घर. रंभानं लोटा खाली ठेवला आणि तिथंच पायरीवर बसून रडली. खतीजाबीनं तिला चहा पाजला आणि सगळं काढून घेतलं. या कामात तिचा हात धरणारी पनवेलात दुसरी नव्हती.

“या अल्ला! मग सरळ विचार की त्याला,” खतीजाबी म्हणाली. “आमच्यात सून सासऱ्याला सलाम करते, बोलते, हिसाबसुद्धा मागते.”

“आमच्यात नाय बोलत.”

“म्हशीशी बोलता, माणसाशी नाही! कमाल आहे तुम्हा लोकांची. बरं, मग नवऱ्याला विचार. त्याच्याशी तर बोलतेस ना?”

हे रंभाला पटलं. ती शनिवारची वाट बघत राहिली. तेवढ्या दिवसांत तिनं दाजीचं जेवण वेळेवर वाढलं, अंगण सारवलं, आणि चांदीशी एक अक्षर बोलली नाही. ताटाचा आवाज करायची. दाजीला वाटलं, म्हैस जाणार म्हणून पोरीचा जीव तुटतोय, तोंडातून शब्द फुटत नाही. त्याला वाईट वाटलं. असं नाही की त्यानं विचार केला नाही. केला, आणि चुकीचा केला.

शनिवारी भगवान आला. आल्या आल्या दाजीनं त्याला ओसरीवरच म्हशीचं सांगून टाकलं. भगवानचं अर्धं लक्ष गोदीतल्या संपाच्या बोलण्यात होतं. तो “धाडा, धाडा” म्हणाला. रविवारी दुपारी जेवून तो खाटेवर आडवा झाला, तेव्हा रंभानं सगळा धीर एकवटला. मनातली गोष्ट तिच्या जिभेवर येईना. ‘मला टाकताय का’ असं कोणती बाई पहिल्या वाक्यात विचारील?

“मामा काय ठरवतात ते तुमाला ठाऊक हाय?” तिनं विचारलं.

“हाय ना. कालच सांगितलं त्यांनी.”

“मंग? तुमी काय म्हनलात?”

“काय म्हननार? बरोबरच हाय त्यांचं. कवर ठेवायची?” भगवाननं कूस बदलली. “तुला वाईट वाटनार ते मी वलखतो. मलाबी वाटतं. इतक्या वर्सांची सवय. पन दुसरी आली का तिचीबी सवय होते.”

रंभा गप्प झाली. भगवानला वाटलं, समजूत पटली. बायको गप्प झाली की समजूत पटली असं मानणारे नवरे मी पुष्कळ पाहिलेत, आरशातही पाहिलाय. तो घटकाभर झोपला, उठला, चहा प्यायला आणि संध्याकाळच्या मोटारीनं मुंबईला गेला. जाताना त्यानं तिला सांगितलं की पुढच्या खेपेला बांगड्या आणीन. ती बांगड्यांचं ऐकून आत निघून गेली. जिला टाकायचं तिला बांगड्या कशाला, एवढासुद्धा प्रश्न तिच्या मनात आला नाही. आला तो असा, की या बांगड्या कोणासाठी?

दिवेलागणीला दाजी गोठ्यात आला.

“चांदे, सकाली निघायचं बरं का. चिरनेरची वाट लांब हाय, उन्हाच्या आत जेवडं होईल तेवडं चालू.” मग थोडं थांबून, आवाज जरा चढवून त्यानं पुढचं वाक्य खास सुनेसाठी घातलं. “माहेरची वाट हाय. नवीन लुगडं नेस. धर्मराजाला बरं वाटंल.”

म्हशीबरोबर सुनेलाही माहेरी दोन दिवस राहू द्यावं, तेवढाच तिला विरंगुळा, हा त्याचा बेत होता. त्यात त्याची माया होती. ती त्यानं लुगड्यात गुंडाळून गोठ्यात ठेवली, आणि रंभानं त्यातून काय उचललं ते सांगायला नको.

सकाळी मी गिरणी उघडत होतो तेव्हा वरात माझ्यासमोरून गेली. पुढं दाजी, हातात दावं. मध्ये चांदी. मागं रीतीप्रमाणं अंतर ठेवून पदर ओढलेली रंभा, डोक्यावर गाठोडं. गाठोडं बरंच मोठं होतं. तिनं होतं नव्हतं ते सगळं बांधून घेतलं होतं, आईनं दिलेली कुंकवाची लाकडी कुयरीसुद्धा. चूल सारवून, त्यावर पालथं मडकं ठेवून ती निघाली होती. दाजीनं गाठोडं पाहिलं आणि तो खूश झाला. माहेरी जाताना बाया काय काय घेऊन जातात, याचं पुरुषांना नेहमीच नवल वाटतं.

“कुठं निघालात?” मी विचारलं.

“हिला पोचवायला,” दाजी म्हणाला आणि मानेनं मागं दाखवलं. मागं म्हैस होती. म्हशीच्या मागं रंभा होती.

मी बरं म्हटलं आणि इंजिन सुरू केलं.

गाव मागं पडलं तसा दाजी मोकळा झाला. वाटेला सोबत असली की त्याला बोलायला आवडे. तो चांदीशी बोलत होता, मागं वळून न बघता, आणि रंभा प्रत्येक शब्द उचलत होती.

“बापाच्या दारात सोडताना मला काय बरं वाटनार हाय का? इतकी वर्सं माज्या दारात होतंस. पन घर चालाया पायजे ना. तू काय वाईट न्हवतीस. लाथ मारली नाय कवा, शिंग उगारलं नाय. नशीब तुजं, दुसरं काय.”

रंभाला ‘वाईट नव्हतीस’ हे सगळ्यात लागलं. वाईट असते तर बरं झालं असतं, असं तिनं पुढं माझ्या बायकोला सांगितलं. वाईटपणाला निदान औषध असतं.

पळस्प्याच्या पुढं, कर्नाळ्याचा सुळका समोर दिसायला लागतो तिथं, रस्त्याच्या कडेला एक डबकं होतं. ऊन चढलं होतं. चांदीनं पाणी पाहिलं आणि दाजीला काही कळायच्या आत ती त्यात जाऊन बसली. म्हैस पाण्यात बसली की तिला उठवणं हे देवाच्याही हातात नसतं. दाजीनं दावं ओढलं. चुचकारलं. काठीनं ढोसलं. चांदी नाकपुड्या वर काढून निवांत बसली. रंभा गाठोडं उतरवून एका धोंड्यावर पाठमोरी बसली होती.

दाजी घामाघूम झाला. त्याचा तोल सुटला.

“जायाचं नाय तुला? नको जाव. पन राहून करनार काय हायस? घरात तुजा उपेग काय? सांग की, काय उपेग?”

रंभा धोंड्यावरून उठली. ती वळली आणि डबक्याच्या कडेला सासऱ्याच्या समोर येऊन उभी राहिली. पदर खांद्यावर पडला होता तो तिनं सावरला नाही.

“मामा,” ती म्हणाली, “माजा उपेग काय ते माज्या तोंडावर इचारा. म्हशीला नको.”

दाजीच्या हातातलं दावं सुटलं.

“लावनी कोन करतं? मिठागरावर तुमच्या बरोबरीनं पाट्या कोन वाहतं? आत्या गेल्या तेवा तुमी चार दिस जेवला नाय, तेवा पेज करून कोनी ठेवली? पोर नाय झालं. नाय झालं! ते मी एकटीनं खाल्लं काय? मला धाडायची तर धाडा, दुसरी आना, तुमच्या लेकालाबी चालतंय. पन मला सांगून धाडा. मी मानूस हाय.”

रस्त्यानं एक बैलगाडी गेली. गाडीवाल्यानं बघितलं, एक बाई सासऱ्यासमोर डोकं उघडं टाकून उभी आहे, आणि त्यानं मान दुसरीकडं फिरवली.

दाजीला आधी शब्दच कळले नाहीत. त्याला फक्त आवाज कळला. हा आवाज तो रोज ऐकत होता, पण कायम दुसऱ्या बाजूला वळलेला. अंगावर आलेला पहिल्यांदाच ऐकला. मग एकेक शब्द खाली बसायला लागला, मिठागरातलं पाणी आटून मीठ बसतं तसा. दुसरी आना. मला धाडा. त्यानं गाठोड्याकडं पाहिलं. एवढं मोठं गाठोडं. त्याला गोठ्यातलं आठवलं, रविवारचं आठवलं, वाटेतलं सगळं आठवलं, आणि तो मटकन खाली चिखलात बसला.

त्याला रडू आलं. हे त्यानं मला लपवून न ठेवता सांगितलं. गोदू गेली तेव्हा माणसं भोवती होती म्हणून रडता आलं नव्हतं. इथं फक्त सून आणि म्हैस होती.

सुनेला उत्तर द्यायला हवं होतं. पण तोंडावर उत्तर द्यावं तर तिनं रीत मोडली हे कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि ते ओझं तिच्या डोक्यावर घालायला त्याचा जीव होईना. तो उठला, पाण्यात शिरला आणि चांदीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. रंभाकडं त्याची पाठ होती.

“चांदे,” तो म्हणाला, “आजवर तुला जे बोललो ते तुलाच बोललो. दूध तुजं आटलं. भाकड तू. बदली दुसरी म्हस मागनार होतो धर्मराजाकडं, म्हस. भगवानलाबी म्हशीचंच सांगितलं, दुसरं काय बी नाय.” त्याला दम लागला. “आनि आता बोलतो ते तुला नाय. तू कान नको टवकारू.”

चांदीनं कान हलवून माशी उडवली.

“गोदू कोंबडीला बोलायची ते मी ऐकत होतो. तेवाच तिचं तोंड धरायला पायजे होतं, नाय धरलं. चुकलो. ज्या घरात मी रोज जेवतो ते घर कोनाच्या हातावर उभं हाय, ते मला ठाऊक हाय. पोर होईल, नाय होईल, ते आपल्या हातात नाय. मी जिता हाय तवर माज्या घरातनं कोन जानार नाय. उपेग नसला तरी नाय. उपेगासाठी का मानूस ठेवतात?”

रंभानं पदर डोक्यावर घेतला.

दाजी बाहेर आला, त्यानं दावं उचललं आणि चिरनेरच्या दिशेनं दोन पावलं टाकली. मग थांबला. धर्मराजाच्या दारात एकाच दिवशी भाकड म्हैस आणि गाठोड्यासकट लेक उभी केली, तर चिरनेरवाले काय समजतील? जे सुनेनं समजून घेतलं तेच. आणि चिरनेरची माणसं तर तोंडावर विचारणारी. त्यानं दावं पनवेलच्या दिशेनं वळवलं. घराची वाट दिसली तशी चांदी आपण होऊन उठली, अंग झाडलं, दाजी तोंडापर्यंत चिखलानं माखला, आणि ती त्याच्या पुढं चालायला लागली.

दुपार कलताना ती तिघं परत माझ्यासमोरून गेली. या वेळी गाठोडं दाजीच्या डोक्यावर होतं. सासरा गाठोडं वाहतोय आणि सून मोकळी चालतेय, हे आमच्या आळीनं आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतर महिनाभर तेवढंच चघळलं.

पुढच्या शनिवारी भगवान बांगड्या घेऊन आला आणि गोठ्यात बघून म्हणाला, “हे काय, अजून नाय पोचवली?” दाजीनं त्याच्या थोबाडीत मारली. का मारली हे त्यानं सांगितलं नाही, आणि भगवान ते कोडं घेऊनच मुंबईला गेला. रंभानं बांगड्या भरल्या.

मूल झालं नाही. दुसरीही आली नाही, ना म्हैस, ना बाई. चांदी दूध न देता गोठ्यात पेंढा खात राहिली. आळीतली माणसं दाजीला हसायची की भाकड जनावर पोसतोय. चांदी होती तोवर रंभा पुन्हा सासऱ्याशी तोंडावर बोलली नाही. “चांदे, ताट वाढलंय,” आणि “चांदे, मीठ कमी,” हे भिंतीपलीकडून मला पूर्वीसारखंच ऐकू यायचं. फरक एवढाच की आता दाजीला खरोखर म्हशीशी बोलायचं असलं, तर तो आधी मोठ्यानं सांगायचा, “हे म्हशीला.”

मग चांदी म्हातारी होऊन मेली. आळीतल्या चौघांनी तिला खाडीच्या अंगाला पुरलं. दाजीचेही तोवर गुडघे गेले होते, तो ओसरीवरच बसून असायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी गिरणी बंद होती. भिंतीपलीकडं ताट वाढल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ काही नाही. रंभा गोठ्याच्या दारात उभी असणार, रिकाम्या दाव्याकडं बघत. ओसरीवर दाजी वाट बघत असणार. मीही हातातला घास तसाच धरून बसलो.

“मामा,” रंभाचा आवाज आला, “जेवाया चला.”

दाजी भिंत धरून उठला, आत गेला, पाटावर बसला. थोड्या वेळानं तो म्हणाला, “मीठ कमी हाय, पोरी.”

रंभानं मिठाचं मडकं त्याच्यापुढं ठेवलं.